व्हायरल तापानंतर ऑटोइम्यूनची शंका आली तर: आधी तारखा, मग लघवी, शेवटी एएनए

ताप उतरून पंधरवडा झाला तरी बोटं आखडतात, केस गळतात, जिना चढताना धाप लागते. घरातलं कुणीतरी म्हणतं, "व्हायरलनंतर ऑटोइम्यून मागे लागतं म्हणे, एकदाचं सगळं पॅनेल करून टाक." मग माणूस थेट आमच्या काउंटरवर येतो आणि चिठ्ठीशिवाय 'ऑटोइम्यून प्रोफाइल' मागतो, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटली आहे का ते बघणाऱ्या चाचण्यांचा गठ्ठा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असली पॅनेलं करून देणं हाच माझा धंदा, तरी मी आधी दोन प्रश्न विचारते: ताप कुठल्या तारखेला आला होता? आणि आता जे होतंय ते कुठल्या तारखेपासून? उत्तर बहुधा "झाले असतील काही दिवस" असं येतं. पॅनेलमधल्या वीस चाचण्यांनी जे कळणार नाही ते या दोन तारखांनी कळतं, म्हणून सुरुवात तिथूनच करू या.

धोका आहे, पण केवढा?

धोका खरा आहे, तो झटकून टाकू नका. जर्मनीत आरोग्य विम्याच्या नोंदींवरून २०२० मध्ये कोविड झालेले सुमारे ६ लाख ४० हजार लोक आणि कोविड न झालेले १५ लाखांहून अधिक लोक यांची तुलना झाली. पुढच्या काळात कोविड झालेल्यांमध्ये वर्षाला दर हजारी सुमारे १५ जणांना नव्याने ऑटोइम्यून आजाराचं निदान झालं, इतरांमध्ये साडेदहा जणांना. वर्तमानपत्री भाषेत हा '४३ टक्के वाढीव धोका'. माझ्या भाषेत हजारात चार-पाच माणसं जास्त. दोन्ही आकडे खरेच, पण झोप उडते ती पहिल्याने. शिवाय ज्याला कोविड होऊन गेला तो डॉक्टरकडे जास्त चकरा मारतो आणि चकरा मारणाऱ्याचं निदान आधी होतं, हेही जमेस धरायला हवं.

दुसरं उदाहरण एपस्टीन-बार विषाणूचं. अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तनमुन्यांवरून २०२२ मध्ये दिसलं की या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा, म्हणजे मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांच्या आवरणावर प्रतिकारशक्ती उलटण्याच्या आजाराचा, धोका ३२ पटींनी वाढतो. ३२ पट म्हटल्यावर कुणीही दचकेल. पण जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांना हा विषाणू कधी ना कधी गाठतोच आणि त्यातल्या फार थोड्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस होतो. म्हणजे आजार व्हायला विषाणू आवश्यक असतो, पण तो एकटा पुरत नाही. लगोलग एक व्यवहाराची गोष्ट सांगून टाकते: एपस्टीन-बारची आयजीजी (जुन्या लागणीची खूण शोधणारी) चाचणी कुतूहलापोटी करू नका. ती पॉझिटिव्हच येणार, आणि तिच्यावरून पुढे काहीही ठरणार नाही.

असं का होतं? एक कारण म्हणजे साधर्म्य. पोलिसांनी चोराचं रेखाचित्र गावभर लावावं आणि ते नेमकं एका निरपराध शेजाऱ्याच्या चेहऱ्याशी जुळावं, तसा विषाणूचा एखादा तुकडा आपल्याच शरीरातल्या प्रथिनासारखा निघतो. एपस्टीन-बारच्या ईबीएनए-१ या प्रथिनाविरुद्धची काही प्रतिपिंडं (अँटीबॉडी) मेंदूतल्या ग्लायलकॅम या प्रथिनालाही चिकटतात, हे त्याच वर्षी दाखवलं गेलं. दुसरं कारण म्हणजे दंगलीतला गोंधळ. संसर्गाशी लढताना ऊती फुटतात, एरवी पेशींच्या आत दडलेले घटक बाहेर पडतात आणि सुप्त बसलेल्या, आपल्याच शरीरावर उलटू शकणाऱ्या चुकार पेशी जाग्या होतात. ही प्रतिक्रिया बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप विझते. ज्यांच्यात विझत नाही, त्यांच्यात जनुकं, वय, स्त्री-पुरुष भेद, धूम्रपान असं बरंच काही आधीपासून रचलेलं असतं.

पहिलं काम: एक पान, तीन रकाने

ताप आला त्या दिवसापासून पुढचे तीन महिने एक पान चालू ठेवा. तारीख, काय झालं, किती वेळ टिकलं. बस. 'अंग दुखतं' असं लिहू नका. 'सकाळी उठल्यावर मुठी वळायला पाऊण तास लागला, दोन्ही हातांच्या मधल्या बोटांची मुळं सुजली होती' असं लिहा. पुरळ, सूज, डोळ्यांची लाली यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, कारण डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पुरळ हमखास गायब होतं. तापात केलेल्या तपासण्यांचे कागद त्याच फाइलला लावा, आणि तापाच्या आधीचे जुने रिपोर्ट असतील तर तेही शोधून काढा. त्यांचा उपयोग कसा होतो ते पुढे येईल.

तारखांना इतकं महत्त्व का, तर प्रत्येक आजाराची चाल वेगळी असते. गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे प्रतिकारशक्तीने नसांवर हल्ला केल्याने हातपाय लुळे पडण्याचा आजार, संसर्गानंतर काही दिवसांपासून सहा आठवड्यांपर्यंत दिसतो. मुलांमधला कोविडनंतरचा अनेक अवयवांना घेरणारा दाह दोन ते सहा आठवड्यांनी. व्हायरलनंतरची थायरॉइडची सूजही काही आठवड्यांनीच येते: गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, कळ जबड्यात नि कानात जाते, छाती धडधडते आणि वजन उतरतं. हे पेशंट घसा समजून अँटिबायोटिकचे दोन-दोन कोर्स करून आलेले मी पाहिले आहेत, आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तळाला, ईएसआर (दाहाची चाचणी) आभाळाला असा रिपोर्ट मीच त्यांच्या हातात दिला आहे. बहुतेकांचं थायरॉइड काही महिन्यांत पूर्वपदावर येतं. पण मधल्या काळात ते आधी जास्त आणि मग कमी काम करतं, म्हणून एकाच रिपोर्टवर आयुष्यभराची गोळी सुरू करायची घाई नको.

केसांचंही इथेच उरकते. तापानंतर दोन-तीन महिन्यांनी डोकंभर केस मूठमूठ गळणं हा ऑटोइम्यून आजार नव्हे. जोराच्या तापाने केसांचं चक्र बिघडतं, ते सहसा आपोआप सावरतं. रुपयाच्या नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली, म्हणजे चाई पडली, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

हे अंगावर काढायचं नाही

पायांच्या तळव्यांपासून मुंग्या सुरू होऊन त्या वर सरकू लागल्या, खुर्चीतून उठायला हाताचा टेकू लागायला लागला, गिळताना किंवा श्वास घेताना जड वाटलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. हे गियाँ-बारे असू शकतं. २०१३-१४ मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ आली तेव्हा गियाँ-बारेचे ४२ रुग्ण सापडले. हिशेब निघाला तो झिकाची लागण झालेल्या दर ४,००० जणांमागे साधारण एक. प्रमाण कमी आहे, पण ज्याला होतो त्याच्या श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाला तर त्याचा फायदा सर्वांत जास्त. स्टिरॉइडच्या गोळ्या इथे कामाच्या नाहीत, तेव्हा 'नसा कमजोर झाल्यात' म्हणून कुणी त्या दिल्या तर दुसरं मत घ्या.

अंगावर लाल-जांभळे बारीक टिपके दिसले तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यांवर दाबा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं पडतं. टिपके तसेच राहिले तर ते त्वचेखाली झिरपलेलं रक्त आहे. सोबत ताप असेल तर थांबूच नका, तो गंभीर जंतुसंसर्गही असू शकतो. ताप नसेल तरी त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. प्लेटलेट्स शरीराच्याच प्रतिपिंडांनी नष्ट होण्याचा प्रकार लहान मुलांमध्ये व्हायरलनंतर दिसतो. त्यातली बहुसंख्य मुलं सहा महिने ते वर्षभरात पूर्ण बरी होतात. मात्र दरम्यान उड्या, मारामाऱ्या आणि ॲस्पिरिन तिन्ही बंद.

अंथरूण ओलं करायचं कधीच थांबलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तहान भागेना, वजन घटलं, तर उद्यावर टाकू नका. बोटाच्या टोकाच्या थेंबावर ग्लुकोमीटरने साखर बघा. या लक्षणांबरोबर २०० च्या वर आकडा आला तर तो मधुमेह. सोबत उलट्या, पोटदुखी किंवा खोल-खोल श्वास असेल तर थेट इमर्जन्सीत. कॉक्सॅकी-बी सारख्या एंटेरोव्हायरसांचा टाइप-१ मधुमेहाशी संबंध दिसला आहे, पण परवाच्या सर्दीने मधुमेह झाला असा अर्थ काढून कुणाला दोष देऊ नका. स्वादुपिंडाविरुद्धची प्रतिपिंडं बहुधा कित्येक महिने, कधी वर्षं, आधीच रक्तात आलेली असतात.

एका डोळ्याची नजर अचानक धूसर होणं, मेंदूज्वरातून उठलेल्या माणसाचं काही आठवड्यांनी वागणं बदलणं किंवा तोंडा-हातांच्या विचित्र हालचाली सुरू होणं हेही याच यादीत. हर्पीसच्या मेंदूज्वरानंतर सुमारे चौथा हिस्सा रुग्णांमध्ये ऑटोइम्यून मेंदूदाह दिसला आहे. तेव्हा 'आजारपणाने चिडचिडा झालाय' म्हणून सोडून देऊ नका.

सांधे: सहा आठवड्यांची रेघ

सगळ्यात जास्त माणसं येतात ती सांधेदुखीने. विषाणू स्वतःही सांधे सुजवतो. पार्व्हो बी-१९ मोठ्या बायकांमध्ये दोन्ही हातांची बोटं अगदी संधिवातासारखी सुजवून काही आठवड्यांत निघून जातो. चिकनगुनियाचं दुखणं महिनोन्महिने रेंगाळतं. म्हणून पहिल्या पंधरवड्यात 'मला संधिवात झाला का' याचं उत्तर कुणी छातीठोकपणे देऊ शकत नाही.

घरी करण्याजोगी एक तपासणी आहे. समोरच्याला तुमच्या हाताची चार बोटं जिथे तळव्याला मिळतात ती ओळ दोन्ही बाजूंनी हलकेच आवळायला सांगा, हस्तांदोलन करताना आवळतात तशी. कळ आली, सकाळचा ताठपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकला आणि सूज डोळ्यांना दिसली, तर सहा आठवड्यांच्या आत संधिवाततज्ज्ञांना दाखवा. तिथे आरए फॅक्टर या संधिवाताच्या रक्तचाचणीबरोबर अँटी-सीसीपी ही दुसरी चाचणीही मागतील. आरए फॅक्टर वयाने, हिपॅटायटिस-सीने, इतर संसर्गांनीही पॉझिटिव्ह येतो. अँटी-सीसीपी इतकी सहज फसत नाही. खरा संधिवात असेल तर पहिल्या तीन महिन्यांत औषध सुरू झालेलं बरं, सांध्यांची झीज थांबवण्याचा तोच काळ.

आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइड घेऊ नका. दोन दिवसांत इतकं हलकं वाटतं की माणूस देवाचे आभार मानतो. पण सूज झाकली जाते, दाह दाखवणारे ईएसआर-सीआरपी खाली येतात आणि आठवड्याने मला जो नमुना मिळतो त्यातून काही कळत नाही.

लघवीची तपासणी, जिला कुणी विचारत नाही

पॅनेल मागणाऱ्या माणसाला मी लघवीची डबी पुढे करते तेव्हा त्याचा चेहरा पडतो. लघवीसाठी आलो होतो का, असा भाव. पण ल्युपससारखा, त्वचा-सांध्यांपासून मूत्रपिंडापर्यंत कुठेही हल्ला करणारा ऑटोइम्यून आजार मूत्रपिंडात शिरतो तेव्हा दुखत नाही, खुपत नाही. पापण्या सकाळी किंचित फुगतात, घोट्यांवर मोज्याचा वळ उमटतो, लघवीला फेस येतो, रक्तदाब चढतो. कधी एवढंही होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दिसतं. निरोगी माणसाच्या थेंबात मी शोधत राहते आणि काही सापडत नाही. मूत्रपिंडाच्या गाळण्या सुजल्या की लाल पेशी वाकड्यातिकड्या, कडेला फुगे आलेल्या दिसतात, आणि मधूनच तांबूस नळीसारखा एक तुकडा: बारीक नलिकेत अडकून तिच्याच आकाराचा झालेला लाल पेशींचा गठ्ठा. त्याला आम्ही आरबीसी कास्ट म्हणतो. तो दिसला की मी रिपोर्ट छापायची वाट बघत नाही, डॉक्टरांना फोन करते.

हा तुकडा नाजूक असतो. नमुना तासन्‌तास पडून राहिला तर विरघळून जातो. म्हणून नमुना नीट द्या. सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून मधली, स्वच्छ कोरड्या डबीत, आणि तास-दोन तासांत लॅबमध्ये. रात्री भरून ठेवलेली डबी सकाळी आणू नका. पाळी चालू असेल तर ती संपल्यावर द्या, नाहीतर लाल पेशी कुठल्या हे मला सांगता येणार नाही. अंगात ताप असताना किंवा दमछाक करणाऱ्या व्यायामानंतर थोडं प्रोटीन उतरू शकतं. तसं आलं तर घाबरून न जाता आठवड्याने पुन्हा बघायचं. पुन्हा आलं तर लघवीतलं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर, रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) आणि रक्तदाब बघायचा.

तर लक्षणं रेंगाळत असतील आणि काहीतरी तपासल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर माझी यादी आखूड आहे: सीबीसी, ईएसआर, सीआरपी, क्रिएटिनिन, टीएसएच, साखर आणि लघवी. यातल्या प्रत्येक निकालावर पुढे काहीतरी करता येतं.

एएनए कधी करायचा आणि कसा वाचायचा

एएनए म्हणजे पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं. ती शोधताना तुमचं सीरम (रक्तातला पेशींविना उरलेला द्रव) पातळ करून काचपट्टीवर वाढवलेल्या मानवी पेशींवर घालतात, वर चमकणारा रंग जोडलेलं द्रव्य सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत बघतात. प्रतिपिंडं असतील तर पेशींची केंद्रकं हिरवी चमकतात. कधी सलग, कधी ठिपक्याठिपक्यांनी. १:८० म्हणजे सीरम ८० पट पातळ केलं तरी चमक दिसली. ही चमक माणूस डोळ्यांनी ठरवतो. एकाच काचेला मी १:८० म्हणेन आणि माझी सहकारी १:१६० म्हणेल, त्यात दोघींचंही काही चुकलेलं नसतं. त्यामुळे या लॅबमध्ये ८० आणि त्या लॅबमध्ये १६० आला म्हणजे आजार वाढला, असं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. १९९७ मध्ये निरोगी माणसांवर झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात १:४० ला सुमारे ३२ टक्के, १:८० ला १३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के लोक पॉझिटिव्ह निघाले. हे सगळे धडधाकट लोक. त्यात संसर्गाच्या धुमश्चक्रीत काही काळापुरती प्रतिपिंडं येतात नि जातात ती वेगळीच. ताप नुकताच उतरलेला असताना, लक्षणाचा पत्ता नसताना एएनए करणं म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणं. धोपटणाऱ्यांपैकी एक मुलगी लक्षात राहिली. पॅकेजमध्ये एएनए १:८० आला, तेवढ्यावर तिने लग्न पुढे ढकलायचं मनात घेतलं होतं. सांधे ठीक, तोंडात व्रण नाहीत, सीबीसी नि लघवी स्वच्छ. तिला झाला होता तो रिपोर्ट.

मग ही चाचणी निरुपयोगी का? मुळीच नाही. गालांवर नाकावरून पसरलेलं पुरळ, उन्हात गेलं की भडकणारी त्वचा, तोंडात टाळूला न दुखणारे व्रण, श्वास घेताना छातीत कळ, थंडीत बोटं पांढरी-निळी पडणं, लघवीत प्रोटीन, यांतलं दोन-तीन एकत्र असेल तर एएनए कराच, आणि वर सांगितलेल्या चमकणाऱ्या रंगाच्या (इम्युनोफ्लुरोसन्स) पद्धतीनेच. निगेटिव्ह आला तर ल्युपसची शक्यता फार कमी होते. हाच तिचा खरा उपयोग. पॉझिटिव्ह आला तर डीएस-डीएनए, ईएनए, सी-३ आणि सी-४ या पुढच्या रक्तचाचण्या संधिवाततज्ज्ञ ठरवतील. एकदा पॉझिटिव्ह आलेला एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करू नका. त्याचा आकडा आजाराच्या चढउतारांबरोबर हलत नाही.

जुने रिपोर्ट का जपायचे, त्याचंही उत्तर इथे आहे. अमेरिकी सैन्यातल्या १३० ल्युपस रुग्णांचे साठवलेले जुने नमुने तपासले, तेव्हा ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीच प्रतिपिंडं होती, सरासरी तीन वर्षं आधीपासून. म्हणजे तापानंतर दिसलेली प्रतिपिंडं तापाने आणली की आधीपासूनच होती, हे नव्या रिपोर्टवरून सांगता येत नाही. जुन्यावरून कधीकधी येतं.

कुणी जास्त जपायचं

ज्यांच्या आई-वडील-भावंडांपैकी कुणाला ऑटोइम्यून आजार आहे त्यांनी, विशेषतः तरुण बायकांनी, तीन महिन्यांचं पान जरूर ठेवावं. ल्युपसमध्ये एका पुरुषामागे साधारण नऊ बायका असतात. पण घरात आजार आहे म्हणजे तो होणारच असंही नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये तंतोतंत सारखी जनुकं असलेल्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण चौथाईच आहे. धूम्रपान मात्र सोडाच. संधिवाताच्या बाबतीत जे आपल्या हातात आहे त्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट.

'इम्युनिटी वाढवणारे' काढे आणि कॅप्सूल यांनी हा धोका कमी होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. व्हिटॅमिन-डीबद्दल जरा बरं बोलता येतं. अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या सुमारे २६ हजार लोकांवरच्या चाचणीत रोज २,००० युनिट पाच वर्षं घेणाऱ्यांत ऑटोइम्यून आजार २२ टक्क्यांनी कमी दिसले. तो निकाल त्या वयाचा आणि त्या डोसचा आहे. आठवड्याला ६०,००० ची पुडी बेहिशेबी वर्षभर खाण्याला त्याचा आधार नाही, तसं केल्याने कॅल्शियम चढलेले रिपोर्ट मी पाहते.

ज्यांना आधीच असा आजार आहे त्यांनी ताप आल्याबरोबर आपल्या तज्ज्ञांना फोन करून प्रत्येक गोळीचं वेगवेगळं विचारावं. मेथोट्रेक्सेट काही दिवस थांबवायला सांगतील, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बहुधा चालूच ठेवायला सांगतील. खूप दिवसांपासून चालू असलेलं स्टिरॉइड एकदम बंद करू नका, त्याने रक्तदाब कोसळू शकतो. लसींचंही त्याच फोनवर विचारून घ्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी सहसा देत नाहीत, फ्लूच्या नेहमीच्या इंजेक्शनला मात्र अशी अडचण नसते.